सुरतहून जीजे पासिंगची 'पळणारी' सेडान घेताय? आधी कार्पेट उचला, मग भाव करा

सुरत/नवापूर : सुरतहून जुनी गाडी आणणे नंदुरबार-धुळ्याकडच्या लोकांना नवे नाही. उधना-लिंबायतमध्ये नातेवाईक, हायवे सरळ आणि बाजार मोठा. साधी सेडान असेल तर ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला की काम भागते. पण ऑक्टाव्हिया, व्हेंटो किंवा व्हर्टसचे टर्बो पेट्रोल मॉडेल, व्हर्ना टर्बो अशी गाडी घ्यायची असेल तर एवढ्यावर भागत नाही.

आधी किमतीचे बघू. गुजरातमध्ये वैयक्तिक कारला साधारण ६ टक्के कर लागतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के. म्हणून तीच गाडी तिकडे मुळात स्वस्त पडते आणि जुन्या बाजारातही स्वस्त दिसते. मात्र एमएच-३९ किंवा एमएच-१८ पासिंग करायला गेले की आपला कर, गाडीचे वय धरून, भरावाच लागतो. गुजरातेत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याचा अर्ज वेगळा आणि हेलपाटेही वेगळे. तेव्हा सौद्याच्या दिवशीच ही रक्कम आरटीओत विचारून किमतीत धरावी.

आता गाडीकडे. सुरतेत पहिला प्रश्न पाण्याचा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात शहर बुडाले होते. त्या वेळच्या गाड्या आता बाजारात फारशा नाहीत. पण खाडीपुराचे पाणी पावसाळ्यात आजही सखल भागात शिरते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. वडोदऱ्याची गाडी सुरतेत विकायला येणे काही अवघड नाही. अशी गाडी धुऊन, पॉलिश करून, वर सेंट मारून उभी केली की चकचकीत दिसते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गाळाची रेघ राहते. डिकीतले स्टेपनी काढा, खालचा खड्डा बघा. पुढच्या सीटचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखालचा फोम ओलसर आहे का, हेडलाइटच्या आत चिखलाचे डाग आहेत का, तेही तपासा. टर्बो गाडीत कंट्रोल युनिट आणि सेन्सर भरपूर. पाण्याचा दोष लगेच दिसत नाही, सहा महिन्यांनी एकेक दिवा पेटायला लागतो. विम्याचा क्लेम इतिहास त्यासाठीच मागायचा.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ऑटोमॅटिकला सगळे सरसकट 'डीएसजी' म्हणतात, पण आत दोन प्रकार आहेत. व्हेंटो, व्हर्टस जीटी आणि साधी १.८ टीएसआय ऑक्टाव्हिया यांत सात गिअरचा कोरड्या क्लचचा बॉक्स येतो. ट्रॅफिकमध्ये तापणे आणि मेकॅट्रॉनिक युनिट जाणे ही त्याची जुनी तक्रार. दुरुस्ती लाखाच्या पुढे जाऊ शकते. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० आणि २०२० मध्ये भारतात फक्त २०० आलेली आरएस २४५ यांत ओल्या क्लचचा बॉक्स आहे. तो मजबूत, पण तेल वेळेवर बदललेले हवे. आरएस २३० ला दर ६० हजार किलोमीटरला. सर्व्हिस बिलात ती नोंद नसेल तर मालकाच्या तोंडी हमीला किंमत नाही.

गाडी थंड असताना स्वतः सुरू करावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना धक्का, चढावर थरथर, पाठीमागे निळा धूर, कूलंटची पातळी कमी, यातले एकही दिसले तर थांबा. अशा गाड्यांत कॉम्प्युटरचे ट्यूनिंग, म्हणजे पोरांच्या भाषेत 'स्टेज वन', सर्रास केलेले असते. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, क्लच आणि टर्बोची झीज मात्र राहते. बदललेला सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर दिसला की थेट विचारावे. चांगल्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला तर मीटर मागे केले आहे का याचाही अंदाज येतो, कारण किलोमीटर काही वेळा इतर युनिटमध्येही नोंदलेले असतात. टायरवरचे चार आकडेही वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी खर्चही कसा टाळला असेल, ते ओळखावे.

कागदात खरी अडकण एनओसीची, म्हणजे फॉर्म २८ ची. कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आधी बोजा उतरवावा लागतो. थकलेली ई-चलने भरावी लागतात. फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवरच्याच मालकाची सही लागते, मधल्या एजंटची चालत नाही. 'वर्षभर जीजेवरच फिरवा, काही होत नाही' असा सल्ला हमखास मिळतो. कायद्यातली बारा महिन्यांची मुदत नंबर बदलण्यापुरती आहे. मालकी नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांतच करायचा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे हिशेबात धरावे.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू नियमांप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र हवे, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९सी ची नोंदही. नसेल तर व्यवहार थेट मालकाशी, पैसे मालकाच्याच खात्यात. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. काही हिस्सा एनओसी हातात पडेपर्यंत रोखून ठेवावा आणि तसे सौदा पावतीवर लिहून घ्यावे.