जुन्या कोरीव हातकाठ्यांचा संग्रह

जुन्या कोरीव हातकाठ्यांचा संग्रह हा पुराणवस्तू-संग्रहाचा एक प्रकार आहे. त्यात मुख्यतः सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोप व अमेरिकेत तयार झालेल्या, मुठीवर अथवा दांड्यावर कोरीव काम असलेल्या काठ्या जमवल्या जातात. यांपैकी बऱ्याच काठ्या चालताना आधार व्हावा म्हणून केलेल्याच नव्हत्या. ती धरणाऱ्याचा दर्जा, अधिकार किंवा व्यवसाय पाहणाऱ्यास दुरूनच कळावा, हा त्यांचा हेतू होता. (वर्गातील छडीशी या काठीचा काही संबंध नाही.)

दर्जाची खूण

काठी आणि अधिकार यांचे नाते फार जुने आहे. हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ साली शोधलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात सुमारे १३० काठ्या व दंड मिळाले. त्यांतील काहींच्या वाकड्या टोकांवर बंदिवान शत्रूंच्या आकृती कोरलेल्या आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे इयासिंत रिगो याने १७०१ मध्ये काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात राजाने राजदंड उलटा धरून त्यावर हातकाठीप्रमाणे भार दिला आहे. वारीत चोपदाराने दंड उंचावताच शांत होणारा समाज ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी वाचकांना काठीचे हे सामर्थ्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे हे चिन्ह दरबारातून नगरांत उतरले. इंग्लंडमध्ये सोन्याच्या मुठीची काठी ही नामांकित वैद्याची ओळख मानली जाई. जॉन रॅडक्लिफ यांच्यापासून मॅथ्यू बेली यांच्यापर्यंत पाच वैद्यांनी एकामागून एक वापरलेली अशी एक काठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे आहे. विल्यम मॅकमायकेल यांनी १८२७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले आणि कथनाचे काम त्या काठीलाच दिले. पॅरिसमध्ये कादंबरीकार बाल्झाक याने १८३४ मध्ये नीलमण्यासारख्या निळ्या पिरोजांनी जडवलेली काठी करवून घेतली. तिची चर्चा इतकी झाली की दोनच वर्षांनी देल्फीन द जिरार्दँ यांनी तिच्या नावाने कादंबरी प्रसिद्ध केली.

या हौसेचे मर्म थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली सांगितले. ज्याच्या हातात काठी आहे त्याचे हात उपयुक्त श्रमासाठी मोकळे नाहीत, म्हणजेच त्याला राबण्याची गरज नाही, अशी ती जाहिरात होय. शिवाय ती शस्त्रही आहे, हेही त्याने नोंदवले. हे दुसरे विधान अमेरिकेच्या सिनेटने प्रत्यक्ष अनुभवले होते. २२ मे १८५६ रोजी प्रेस्टन ब्रुक्स या प्रतिनिधीने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना सोन्याच्या मुठीच्या काठीने, ती मोडेपर्यंत, मारहाण केली.

रचना

हातकाठीचे मूठ, दांडा आणि टोकाची धातूची शेंबी असे भाग असतात. मूठ व दांडा यांचा सांधा झाकण्यासाठी सोन्याचांदीचे कडे बसवतात. मालकाचे नाव किंवा वर्ष बहुधा त्यावरच सापडते. दांड्यासाठी आबनूस, शिसवी व मलाक्का वेत यांना विशेष मागणी असे. मुठी हस्तिदंत, चांदी, शिंग तसेच माइसेनच्या चिनी मातीच्याही असत. पोकळ दांड्यात तलवार, दुर्बीण किंवा औषधाची कुपी लपवलेल्या काठ्यांचा वर्ग निराळाच आहे. कॅथरीन डाइक यांचे १९८३ मधील पुस्तक अशा काठ्यांसाठी आजही चाळले जाते.

कोरणारे हात

काठी मिरवणाऱ्याचे नाव टिकले, कोरणाऱ्याचे बहुधा नाही. याला ठळक अपवाद हेन्री गजेल याचा. मिसुरी राज्यात गुलामगिरीत आयुष्याचा मोठा भाग काढलेल्या या कारागिराने १८६७ च्या सुमारास जॉन ब्रायन या यादवी युद्धात पायाला जखम झालेल्या गृहस्थासाठी एक काठी कोरली. तिच्या दांड्यावर साप, सरडा, कासव, पानासह फांदी आणि गुडघे दुमडून दांड्याला बिलगलेला एक माणूस आहे. ही काठी आता येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. सोन्याची मूठ नसलेली, खरोखर चालण्यासाठी केलेली ही काठी कोरीव कामाच्या दृष्टीने अनेक राजेशाही काठ्यांहून सरस आहे.

मालकी आणि वारसा

संग्राहकापुढे येणारी प्रत्येक काठी विकाऊ असतेच असे नाही. ‘बोस्टन पोस्ट’ या वृत्तपत्राचे प्रकाशक एडविन ग्रोझियर यांनी १९०९ मध्ये न्यू इंग्लंडमधील सुमारे ७०० गावांना सोन्याच्या मुठीच्या आबनुसी काठ्या पाठवल्या. गावातील सर्वांत वयोवृद्ध पुरुषाने ती वापरावी व त्याच्या मृत्यूनंतर ती पुढच्या मानकऱ्याकडे जावी, अशी योजना होती. १९३० पासून स्त्रियांनाही हा मान मिळू लागला. काही घराण्यांनी काठी परत केली नाही, काही काठ्या विक्रीस आल्या. मुठीवरच ती पुढे सोपवायची असल्याचे कोरलेले असते, त्यामुळे घेणाऱ्याला अज्ञानाची सबब सांगता येत नाही. आता अनेक गावे मूळ काठी कुलूपबंद ठेवून मानकऱ्यास प्रतिकृती देतात.

अमेरिकेतील प्वेब्लो समाजांची गोष्ट याहून गंभीर आहे. अध्यक्ष लिंकन यांनी त्यांच्या प्रमुखांना दिलेल्या, १८६३ हे वर्ष कोरलेल्या चांदीच्या मुठीच्या काठ्या आजही दरवर्षी नव्या प्रमुखाकडे सोपवल्या जातात. अधिकार त्या काठीबरोबरच हस्तांतरित होतो. अशा वस्तूस संग्रहाची वस्तू म्हणणेच गैर आहे.

पारख

नकली काठ्यांपेक्षा जोडकाठ्या अधिक फसवतात. एका काठीची जुनी मूठ दुसऱ्या दांड्यावर बसवली की दोन्ही भाग खरे आणि काठी मात्र खोटी, अशी स्थिती होते. म्हणून प्रथम कड्याखालचा सांधा पाहावा. चालण्यात वापरलेल्या काठीची शेंबी सहसा एका बाजूने अधिक झिजते. चहूबाजूंनी सारखीच झीज असल्यास ती कानशीने केली असण्याची शंका घ्यावी. हत्तीच्या दातात आडव्या छेदावर परस्परांना छेदणाऱ्या बारीक वक्ररेषांची जाळी दिसते, हाडात त्याऐवजी काळसर ठिपके किंवा बारीक चिरा असतात. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी पद्धत वस्तूची हानी करते, ती टाळावी. चांदी चकचकीत करण्याच्या उत्साहात कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि काठीची कुळकथा त्यांच्याबरोबर जाते.

हस्तिदंतविषयक निर्बंध

हस्तिदंती मुठींच्या व्यापारावर आता कडक बंधने आहेत. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीला सर्वोच्च संरक्षण दिले. आशियाई हत्तीला ते १९७५ पासूनच आहे. ब्रिटनमधील २०१८ चा कायदा २०२२ मध्ये अमलात आला व त्याने जुन्या वस्तूंनाही मोजक्याच सवलती ठेवल्या. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९८६ व १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी देशी तसेच आयात हस्तिदंताचा व्यापार बंद केला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, हा निर्बंध १९७२ च्याच पुरावशेषविषयक कायद्याने घातला आहे आणि तो लाकडी काठीलाही लागू पडू शकतो.