क्रोमहून जाड चमक

पद्मिनी टॅक्सीचं १:२४ मापाचं मॉडेल रंगवताना काळा-पिवळा रंग फारसा छळत नाही. छळतात ते बंपर, हेडलाइटच्या कड्या आणि खिडकीभोवतीची बारीक पट्टी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी सुमारे ३.९ मीटर लांब, म्हणजे टेबलावर जेमतेम १६ सेंटिमीटर. खऱ्या गाडीवर सेंटिमीटरभर रुंद असेल ती पट्टी इथे ०.४ मिलिमीटरची!

तिथे चंदेरी रंग फिरवला की तो राखाडीच दिसतो. त्यातले ॲल्युमिनियमचे चपटे कण वेडेवाकडे पडतात आणि प्रकाश वाटेल तिकडे फेकतात. पत्र्याचा पृष्ठभाग मात्र सलग असतो. म्हणून मॉडेलवाले फॉइल चिकटवतात.

पोळ्या गुंडाळायची फॉइल पाहा. एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र रुळांतून जातात. रुळाला लागलेली बाजू चकाकते, एकमेकांना लागलेली मंद राहते. मॉडेलसाठीची फॉइल याहून पातळ, मऊ आणि पाठीला गोंद लावलेली येते.

आता गंमत. खऱ्या बंपरवरचा क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचाच असतो. जाडी असते ती खालच्या निकेलची. घरातली फॉइल १० ते २० मायक्रॉनची. म्हणजे ती लावली, तर गाडी चोवीसपट लहान आणि तिच्यावरची चमक वीस ते चाळीसपट जाड! शिवाय ॲल्युमिनियम सुमारे ९० टक्के प्रकाश परत पाठवतं, क्रोम ६५ टक्क्यांच्या आसपास. नक्कल अस्सलापेक्षा जास्त चकाकते, हे मला अजून थोडं खुपतं.

रंग पूर्ण सुकू द्यावा, नाहीतर फॉइल उचलताना तोही सोलून येतो. तुकडा मापाहून मोठा घ्यावा, कानात घालायच्या कापसाच्या काडीने मधून कडेकडे घासावा आणि कोऱ्या पात्याने खाचेलगत हलकेच कापावा. जोर दिलात की खालचा रंग चिरलाच. मागच्या नावाची उठावदार अक्षरं मात्र उलट्या क्रमाने करायची. आधी फॉइल, मग रंग, आणि थिनरमध्ये जेमतेम भिजवलेलं फडकं वरवर फिरवलं की माथ्यावरचा रंग निघून अक्षरं उजळतात.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर रस्त्यावरून उतरली. इथे समुद्रकाठच्या खारदांड्यात बोंबील वाळवणारा वारा क्रोमला सोडत नाही. त्या थरातल्या आणि खालच्या निकेलमधल्या न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रांतून खारट ओल पोलादापर्यंत पोहोचते, आणि गंज फुगून वरची चमक पापुद्र्यासारखी उचलतो. म्हणून मी बंपरच्या खालच्या कडेला, फॉइल घासून गुळगुळीत केल्यावर, तपकिरी रंगाचे दोन ठिपके दिले.