जशी जखम, तशी पेटी

पहाटे 5.45

गाडीच्या डिकीत एका बाजूला रिकाम्या पेट्या आणि दुसऱ्या बाजूला सामानाचे डबे, असं मी रचते. भरलेली पेटी घेऊन मी कुठंही जात नाही. मेडिकलच्या दुकानात तयार पेटी मिळते: कापूस, बँडेजची एक गुंडाळी, आयोडीनची बाटली, थोड्या चिकटपट्ट्या, डोकेदुखीच्या गोळ्या, भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब. तीच पेटी फाउंड्रीत जाते, तीच वकिलाच्या ऑफिसात आणि तीच गुऱ्हाळावर. खिळ्याला अडकवली की तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण होते. मी नर्सिंग शिकले, बरीच वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात काढली, आणि आता कोल्हापूरच्या आसपासच्या लहान-मध्यम कारखान्यांना प्रथमोपचाराच्या पेट्या निवडून, भरून देते, वापरायला शिकवते. कुठंही गेलं तरी आधी दोनच प्रश्न विचारायचे: इथं माणसाला काय होतं आणि दवाखाना किती लांब? माणसं किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

सकाळी 7.00, शिरोली एमआयडीसी

फाउंड्रीत शिफ्ट बदलते तेव्हाच मी पोहोचते, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात. पेटी टाइम ऑफिसच्या भिंतीवर, कुलूप लावलेली. किल्ली कुणाकडे? "साहेबांच्या ड्रॉवरला." साहेब कधी येतात? "साडेनऊला." म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला पेटी नाहीच.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 45 व्या कलमानं हे नेमकं सांगून ठेवलं होतं. एका वेळी कामावर असणाऱ्या दर 150 माणसांमागं निदान एक पेटी, प्रत्येक पेटीची जबाबदारी प्रथमोपचार शिकलेल्या एका माणसाकडे आणि तो माणूस कामाच्या सगळ्या वेळेत हाताशी. ठरवून दिलेल्या सामानाखेरीज पेटीत काही ठेवायचं नाही, हेही त्याच कलमात होतं. लोकांना हे शेवटचं कडक वाटतं, पण मला त्यातलं शहाणपण रोज दिसतं. पेटीला कुलूप का लागतं? गोळ्या संपतात म्हणून. डोकं दुखलं, अंग कसकसलं, पित्त झालं की प्रत्येक जण पेटी उघडतो. गोळ्या बाहेर काढून सुपरवायझरच्या ताब्यात दिल्या की कुलपाचं कारणच उरत नाही. इथल्या मॅनेजरना मी एवढंच समजावलं आणि त्यांनी माझ्यासमोर कोयंडा उचकटायला लावला.

मग आत. लोखंडाचा रस साच्यात ओततात तेव्हा तो 1350 ते 1400 अंशांच्या घरात असतो. त्याचा थेंब बुटात शिरला तर बूट ओढून काढण्यात वेळ जातो आणि कातडीही सोलून निघते. म्हणून इथल्या पेटीत पहिलं काय, तर चामडं आणि जाड कापड सरसर कापणारी, बोथट टोकाची मोठी कात्री. त्यानंतर भाजलेल्या जागेवर ठेवायच्या मोठ्या निर्जंतुक घड्या. मलमाची ट्यूब मी काढून घेते. भाजलं की वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं; बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही, भोवतीनं कापायचं. पण फाउंड्रीत पाण्याचीही एक अट आहे. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं तर त्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. त्यामुळं नळ ओतकामाच्या जागेपासून दूर हवा, आणि आधी माणसाला तिथून बाहेर आणायचं, मग पाणी. आम्ही पावलं टाकून पाहिलं. नळ बाहेर होता, जवळही होता, फक्त त्याच्यासमोर कास्टिंगचे ढीग लागले होते. ते हलवून घेतले.

इथली निम्मी माणसं बिहार-ओडिशाकडची आहेत. पेटीच्या झाकणाआतला मराठी कागद त्यांच्या काय कामाचा? मी चित्रांचा तक्ता लावते, खाली हिंदीत दोन-दोन ओळी. मग एकाला नळाखाली हात धरायला सांगितला आणि दुसऱ्याला घड्याळ बघायला. वीस मिनिटं किती लांब असतात, हे धरून बसल्याशिवाय कळत नाही. पाचव्या मिनिटाला सगळ्यांना वाटतं, झालं आता.

9.30, त्याच कारखान्याचं ऑफिस

इथं फार वेळ लागत नाही. कागदानं बोट कापणं, जिन्यावर पाय मुरगळणं. छोटी पेटी पुरते: चिकटपट्ट्या, गॉझ, क्रेप बँडेज, हातमोजे. मात्र ऑफिसात मधुमेहाची आणि रक्तदाबाची माणसं जास्त, म्हणून ग्लुकोजची पुडी मी आवर्जून ठेवते. ती शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या माणसालाच द्यायची, हे पुडीवरच लिहिते. छातीत दुखायला लागलं तर पेटी शोधत बसायचं नाही, माणसाला बसवून आधी 108 लावायचा, हे झाकणावर मोठ्या अक्षरात.

11.00, इचलकरंजी

मागाच्या शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, खुणांनी चालतं. साध्या मागावरचा धोटा निसटला तर तो गोळीसारखा जातो आणि समोरच्याच्या डोळ्यावर किंवा कपाळावर बसतो. इथं डोळ्यावर ठेवायच्या निर्जंतुक घड्या आणि डोळ्याला न टेकता वर बसेल अशी टणक वाटी लागते. मार लागलेला डोळा दाबायचा नाही, धुवायचाही नाही. वाटी ठेवायची, चिकटवायची, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. पट्ट्यात बोटं जातात, म्हणून रक्त थांबवायच्या जाड घड्या आणि रुंद बँडेज. शेडमध्ये पिंजर उडते, त्यामुळं झाकणाला रबराची कड असलेलीच पेटी घेतली. उघड्या कपाटातला गॉझ महिन्यात करडा पडतो.

12.30, हुपरी

चांदीचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत चार-पाच माणसं पैंजण घडवत बसलेली, मागच्या खोलीत शुद्धीकरणाचं काम. इतकी कमी माणसं असली की कारखान्याचा कायदा इथवर पोचत नाही. पेटी ठेवायची तर मालकाच्या मनानंच, आणि या घरातल्या काकूंनीच मला बोलावलं होतं. त्या कामाला बसत नाहीत, पण घरात काही झालं तर धावायचं त्यांनाच.

पुढच्या खोलीत झाळकामाचे चटके, पत्रा कापताना होणाऱ्या बारीक जखमा. ते सोपं आहे. मागच्या खोलीत नायट्रिक आम्ल असतं. अंगावर उडालं तर भरपूर पाणी, कपडे उतरवत उतरवत, वीस मिनिटं तरी. सोडा टाकून आम्ल मारायचा प्रयत्न करायचा नाही. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी, आणि धार नाकाकडून कानाकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. सलाईनच्या दोन छोट्या बाटल्या इथं पुरत नाहीत. आम्ही पिंपाला खाली तोटी बसवली, तोटीला नळी जोडली आणि पिंप रोज भरायचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं.

मला जास्त भीती वाटते ती त्या तपकिरी धुराची. चांदी आम्लात विरघळते तेव्हा तो निघतो. तेव्हा नुसता खोकला येतो, घसा चुरचुरतो, माणूस पाणी पिऊन परत कामाला बसतो. पण फुप्फुसांना सूज यायला काही तास जावे लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. यावर कुठल्याही पेटीत औषध नाही. "काकू, धूर छातीत गेलाय असं कुणी म्हणालं तर तो बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरना कुठला धूर ते सांगा." त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, "ह्येनी ऐकणार न्हाईत, पर मी ऐकवीन."

2.00

झाडाखाली गाडी लावून डबा खाल्ला. तेवढ्यात एका डेअरीतून फोन, चिकटपट्ट्या संपल्या. त्यांना निळ्याच लागतात. पनीरमध्ये किंवा लोण्यात निळं काही नसतं, त्यामुळं पडलेली पट्टी नजरेला येते. आत धातूचा पातळ पत्रा असतो, तो मेटल डिटेक्टरला सापडतो. त्यांच्या खरेदी विभागानं मागच्या वेळी स्वस्त म्हणून कातडीच्या रंगाच्या मागवल्या होत्या. त्या मी परत पाठवायला लावल्या.

3.00, गुऱ्हाळ

हंगामाचे दिवस. चुलवाणात चिपाडं सरकवली जातात, काहिलीत रस रटरटतो, आणि गुळव्या फावड्यावरून गळणाऱ्या धारेकडे बघत उभा असतो. गूळ उतरवायची वेळ येते तेव्हा तो 115 ते 120 अंशांवर गेलेला असतो, उकळत्या पाण्यापेक्षाही तापलेला. शिवाय चिकट. पाणी अंगावर सांडलं तर ओघळून जातं, पाक कातडीला धरून बसतो आणि आत भाजत राहतो. म्हणून तो पुसायचा नाही, पाण्यानं गार करायचा आणि पाण्यानंच सुटू द्यायचा. अंगठी, कडं, करगोटा आधी काढायचा, सूज आली की निघत नाही.

"आमी चुना लावतोय," गुळव्या मामा म्हणाले. त्यांच्या मनगटावर जुना, आवळलेला डाग आहे. मी हात हातात घेऊन पाहिला. बोटं पुरती मिटत नाहीत. चुना स्वतःच कातडी जाळतो, हे त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले.

इथली पेटी सगळ्यांत मोठी करावी लागते, कारण कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय लांब आणि उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. भाजल्याच्या मोठ्या घड्या, आणि स्वयंपाकघरात मिळते ती प्लॅस्टिकची पातळ क्लिंग फिल्म. गार केलेल्या जागेवर ती सपाट ठेवायची, गुंडाळून आवळायची नाही. जखमेला चिकटत नाही आणि डॉक्टरला वरूनच दिसतं. चरकात बोट जाऊ शकतं, म्हणून जाड घड्या, रुंद बँडेज आणि दोन मापांच्या स्वच्छ पिशव्या. तुटलेलं बोट ओलसर गॉझमध्ये, ते पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत. बर्फ बोटाला थेट लागू द्यायचा नाही. काम अंधारात सुरू होतं, म्हणून टॉर्च. पेटी चुलवाणाकडच्या भिंतीला नको, उष्णतेनं चिकटपट्ट्यांचा डिंक जातो.

आणि साप. चिपाडाच्या गंजीत, पाचटात घोणस, मण्यार, नाग, सगळे असतात. जुन्या पेटीत मला एक छोटं पातं सापडलं, सर्पदंशावर चिरा द्यायचं. 1971 च्या कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांतल्या यादीत ते पोटॅशियम परमँगनेटच्या शेजारी छापलेलं आहे. ते मी तिथल्या तिथं काढून घेतलं. चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचं. पेटीत त्यासाठी फळी आणि त्रिकोणी पट्ट्या ठेवल्या. कुठल्या रुग्णालयात प्रतिविषाचा साठा आहे, ते हंगामाआधी विचारून फोन नंबर पेटीवर लिहायचा, हे काम मालकाच्या मुलानं घेतलं.

5.15, शहरातलं बांधकाम

पेटी तळमजल्यावरच्या साइट ऑफिसात आणि स्लॅबचं काम अकराव्या मजल्यावर. लिफ्ट अजून बसलेली नाही. जिथं काम तिथं प्रथमोपचाराची सोय हवी, असं इमारत कामगारांच्या 1996 च्या कायद्यानं सांगितलं होतं. म्हणून पेटीऐवजी पाठीवर टाकता येईल अशी पिशवी दिली. गवंड्यांच्या टोळीबरोबर ती वर-खाली जाईल. आत डोळे धुवायच्या मोठ्या बाटल्या, कारण ओलं सिमेंट अल्कली असतं आणि त्याचा चटका लगेच कळत नाही. गुडघे सिमेंटात टेकून दिवसभर काम केलेल्याला संध्याकाळी कातडी काळी-हिरवी दिसते तेव्हा कळतं. उन्हाळ्यासाठी ओआरएसच्या पुड्या. खिळा रुतला तर जखम धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरला विचारायचं.

परांचीवरून कुणी पडलं तर पिशवीतलं काहीही कामाचं नाही. माणसाला दोघांनी हात-पाय धरून उचलायचं नाही, रिक्षात बसवायचं नाही. डोकं-मान जागच्या जागी धरून ठेवायची आणि 108 ची वाट बघायची. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, माणसं थांबत न्हाईत हो, लगेच उचलत्यात." मायेपोटीच उचलतात, हे खरं आहे. म्हणून एका पोराला जमिनीवर झोपवलं आणि मुकादमाला त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसायला शिकवलं. हाताला काही काम मिळालं की माणूस थांबतो.

7.15, गोकुळ शिरगाव

शेवटचं ठिकाण एक फॅब्रिकेशनचं युनिट. दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी. इथं मी पेटी बघण्याआधी वही बघते. काय वापरलं, कुणासाठी, कुठल्या मशीनवर, कधी, हे लिहायची सवय मी सगळीकडे लावते. काही घड्या वापरल्याच जात नाहीत, मुदत संपते, बदलाव्या लागतात. मालकांना ते पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. भाजल्याची घडी वापरावी लागली नाही, याहून चांगली बातमी कुठली?

या वहीत मात्र डोळ्याच्या सलाईनच्या कुप्या भराभर संपलेल्या दिसल्या, आणि सगळ्या एकाच ग्राइंडरवरच्या माणसांनी वापरलेल्या. फोरमन आणि मी त्या ग्राइंडरपाशी गेलो. मशीनवरची संरक्षक काच धुरकटून आंधळी झाली होती, म्हणून पोरं ती वर उचलून काम करत होती. चष्मे होते, ते नाकावर बसत नाहीत म्हणून खिशात. तोवर डोळ्यात कण गेला की शेजारचा रुमालाचं टोक पिळून तो काढत होता. रुमाल बंद करायला सांगितलं. कण सलाईननं धुऊन गेला नाही किंवा रुतलेला दिसला तर हात लावायचा नाही, डोळा झाकून डॉक्टरकडे.

कुप्या दुप्पट द्यायचं ठरलं होतं. ते थांबवून फोरमननं ग्राइंडर बंद केला, स्टोअरमधून नवी काच आणून माझ्यासमोर बसवली, आणि तीन वेगवेगळ्या मापांचे चष्मे उद्याच्या खरेदीच्या यादीत लिहिले. कुप्या पहिल्याएवढ्याच ठेवल्या. पुढच्या महिन्यात वही बघून ठरवू.