तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी

श्रावण अमावास्येला विदर्भात गावोगावी बैलपोळा साजरा होतो. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ अशा थाटात वृषभराज आंब्याच्या तोरणाखाली उभे राहतात, झडत्या रंगतात, आणि वर्षभर राबणाऱ्या त्या मुक्या जीवापुढे धनी नतमस्तक होतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तोच सोहळा बालगोपाळांचा असतो. हाच तान्हा पोळा. जिवंत बैल आवरणे लहानग्यांना कुठले साधणार? म्हणून त्यांच्या हाती लाकडी नंदीची दोरी येते. नागपूरकर दुसरे रघुजीराजे भोसले (राज्यकाल १७८८ ते १८१६) यांनी ही प्रथा सुरू केली, असे परंपरा सांगते.

शिवालयातील पाषाणाचा नंदी पाय मुडपून, दृष्टी पिंडीवर खिळवून बसलेला असतो. लेपाक्षीचा सुप्रसिद्ध नंदी एकाच शिळेतून घडविलेला, सुमारे २७ फूट लांब. पण तोही बसलेलाच. सुताराने मात्र मुलांसाठी नंदीला उभे केले, फळीवर चढविले आणि खाली चार चाके लावली. वशिंड आणि शिंगांची कमान तशीच राहिली. गाभाऱ्यासमोरचे वाहन अंगणात चालू लागले!

भागवताच्या प्रथम स्कंधात धर्म वृषभरूपाने येतो. तप, शौच, दया आणि सत्य हे त्याचे चार पाय. कलियुगात त्यांपैकी तीन भंगले, सत्याचा तेवढा उरला. त्या पांगळ्या वृषभाला ताडन करणाऱ्या कलीचे परीक्षिती राजाने पारिपत्य केले. मुलांचा नंदी घरोघरी जातो, सुवासिनी त्याची पूजा करतात, मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात. आपल्या ताटातील घास ज्याच्या खांद्यावरून आला त्याचे ऋण मानावे, हा संस्कार तेव्हा रुजतो. दयेचा पाय असा बालपणीच भक्कम होतो. आता शेतात ट्रॅक्टर आले, कित्येक गोठे रिते झाले. पुष्कळ मुलांना बैल भेटतो तो या लाकडातच. म्हणून या खेळण्याचे मोल अधिक.

परंतु बक्षिसांच्या चढाओढीत नंदी उंच आणि महाग होऊ लागला. तो ओढायचा मोठ्यांनी, आणि मुलाने शेजारून नुसते चालायचे! ज्याच्या घरी वीतभर नंदी, ते लेकरू हिरमुसते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीची गाडी नको, शेजारच्या मुलासारखी सोन्याची हवी म्हणून रडतो. वसंतसेना कळवळून आपले अलंकार त्या गाडीत घालते. पुढे न्यायसभेत तेच अलंकार चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि तो वधस्तंभापर्यंत पोहोचतो. खेळण्यात सोने भरले की खेळणे हरवते, आणि मागे घोर उरतो.

तेव्हा गृहस्थहो, नंदी घ्यावा तो लेकराच्या हाताने ओढला जाईल एवढाच. आदल्या दिवशी त्याला बोटाशी धरून एखाद्या गोठ्यात न्यावे, खऱ्या बैलाच्या मुखी त्याच्याच हाताने पुरणपोळीचा घास घालावा. मग दुसऱ्या दिवशी त्या लाकडातही त्याला प्राण दिसेल.