कार्लाइलचा १९१२ चा हंगाम : गुण पोरांचे, गल्ला कुणाचा?

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं. आपल्या गल्लीतली पोरं पायाने खेळतात त्याला तिकडे सॉकर म्हणतात. त्यांच्या फुटबॉलमध्ये लांबट चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्याने झेप घालून पाडायचं. १९१२ साली या खेळात मातब्बर कॉलेजांना लोळवणारा एक संघ होता, आणि गंमत म्हणजे तो कॉलेजचा नव्हताच. तो होता पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलचा.

ही शाळा १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकीत सुरू केली. आपण ज्यांना रेड इंडियन म्हणत आलो, त्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून शेकडो मैलांवर आणायचं, केस कापायचे, नवं नाव द्यायचं. आपली भाषा बोलायची नाही, बोललास तर शिक्षा. सीमेवरच्या वाचकाला भाषेचं दुखणं फोड करून सांगायला नको. पण इथे तर शाळेतून परतलेल्या पोराला आईशी काय बोलावं हाच प्रश्न पडायचा.

त्या वर्षी खेळाचे नियम बदलले होते. टचडाउनचे पाचाऐवजी सहा गुण झाले, दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी मिळाल्या, आणि चेंडू वीस यार्डांपेक्षा लांब फेकायची बंदी उठली. नुसती वजनदार पोरं घेऊन रेटारेटी करणाऱ्यांची मक्तेदारी त्यामुळे ढिली पडली. कार्लाइलची पोरं तुलनेने हलकी, पण वेगवान. प्रशिक्षक पॉप वॉर्नर हा डावपेचांत मुरलेला माणूस. आणि संघात जिम थॉर्प. याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण जिंकून तो आला होता.

हंगामात १४ सामने झाले. १२ जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. केलेले गुण ५०४, दिलेले ११४. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला त्यांच्याच मैदानावर २७-६ असं हरवलं. लष्कराने वुंडेड नी इथे लकोटा लोकांची कत्तल केली त्याला तेव्हा अवघी २२ वर्षं झाली होती. त्या दिवशी समोरच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने मात्र कार्लाइलला ३४-२६ हरवलं.

आता वेळापत्रक बघा. शनिवारी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी सामना, सोमवारी थेट कॅनडात टोरांटोशी. बहुतेक सामने परगावी. कारण साधं आहे : मोठं मैदान, मोठी गर्दी, तिकिटांच्या पैशात वाटा. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे माझी नजर इथेच अडकली. हा पैसा वेगळ्या क्रीडा निधीत जायचा आणि त्याच्या चाव्या वॉर्नरसारख्यांच्या हाती. १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली तेव्हा या निधीतला खर्चही चव्हाट्यावर आला. चौकशीची मागणी करणाऱ्या विद्यार्थ्यांत पुढे होता गस वेल्च, याच संघाचा क्वार्टरबॅक! वॉर्नर लवकरच पिट्सबर्ग विद्यापीठात गेला. त्याच्या कारकिर्दीला काही धक्का बसला नाही.

थॉर्पचं तसं झालं नाही. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली, की त्याने १९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात थोड्या पैशांवर बेसबॉल खेळलं होतं. म्हणजे तो ‘हौशी’ नाही. पदकं गेली. त्याच्या धावण्यावर तिकिटं विकली जात होती, ते चाललं. त्याने स्वतः चार डॉलर घेतले, ते चाललं नाही. हरकत निकालानंतर तीस दिवसांत घ्यायची असा स्पर्धेचा नियम होता आणि ती मुदत कधीच उलटली होती, तरीही! थॉर्प १९५३ मध्ये वारला. ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये त्याला विजेता मानलं, पण इतरांसोबत. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं.

शाळा १९१८ मध्ये बंद पडली. त्या आवारात आज अमेरिकी लष्कराचं वॉर कॉलेज आहे. शाळेत असताना दगावलेल्या मुलांची दफनभूमीही तिथेच आहे, आणि २०१७ पासून त्या मुलांचे अवशेष एकेक करून त्यांच्या कुटुंबांकडे, जमातींकडे परत पाठवले जात आहेत.