पोखर्णीत स्पोर्ट्स कार घ्यायचीय? टोकन टाकण्याआधी चॅसी नंबर बघा

गेल्या आठवड्यात पोखर्णीहून मावसभावाचा फोन आला. "दादा, पुण्यात ऑक्टेव्हिया आरएस मिळतेय. 2017 ची, सेकंड ओनर, रिमॅप केलेली. पन्नास हजार टोकन मागतोय. टाकू का?" मी इंजिनिअरिंग करून बातम्या लिहितो, पण घरात अजून 'गाडीतलं कळणारा' मीच.

गाडी खरंच जबरदस्त आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद. साधी ऑक्टेव्हिया आपल्या शेंद्र्यात जोडली जायची, पण आरएसची गोष्ट वेगळी. 2020 मध्ये आलेल्या आरएस 245 च्या तर देशात फक्त 200 गाड्या विक्रीला होत्या. गाडी दुर्मिळ म्हणजे तिचे खास पार्टही दुर्मिळ, हे घेताना कुणी सांगत नाही.

आधी कागद, मग टेस्ट ड्राइव्ह

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारचं प्रकरण उघड केलं. एकाच इंजिन आणि चॅसी नंबरच्या गाड्या वेगवेगळ्या राज्यांत नोंदवल्याचा आणि एकाच गाडीवर अनेक कर्जं उचलल्याचा आरोप होता. म्हणून बॉडीवर कोरलेला 17 अक्षरांचा चॅसी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि आरसीशी जुळवा. 'परिवाहन'वर गाडीवर बँकेचा बोजा दिसतो का तेही तपासा. दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुण्याची गाडी परभणीच्या एमएच-22 कार्यालयाकडे आणायची तर फॉर्म 28 ची एनओसी आणि फॉर्म 29, 30 लागतात. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. पुढे गाडी ठोकली आणि पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर असली, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो.

नोंदणीचं काम किरकोळ वाटतं. मे 2024 मध्ये कल्याणीनगरमध्ये ज्या पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, तिची कायम नोंदणीच झाली नव्हती. कोटीभराच्या गाडीचं 1,758 रुपये शुल्क भरायचं राहिलं होतं.

रिमॅप म्हणजे नेमकं काय?

इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवतात. ताकद पन्नास-साठ पीएसने सहज वाढते. पण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक कंपनीचेच राहतात. त्यांच्यावर किती ताण आला, हे चकचकीत रंगावरून कळत नाही. डीएसजी गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके देत असेल तर तिथंच थांबा. गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून संभाजीनगरची वाट धरावी लागेल, हेही हिशेबात धरा.

कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय की, उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही. दुरुस्त कायद्यात अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरसाठी दंड 10,000 पर्यंत, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. विम्याच्या वेळी न कळवलेला रिमॅप हा क्लेम नाकारायला आयता मुद्दा ठरतो. हौस असेलच तर चांगले टायर, उत्तम ब्रेक पॅड आणि वेळेवर ऑइल यांवर खर्च करा. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या.

आणि पेट्रोल?

सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईच्या आधी आपल्या परभणीत पेट्रोलनं नव्वदी गाठली होती, कारण टँकर थेट मनमाडहून येतो. आता त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं. एप्रिल 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. फ्युएल कॅपच्या झाकणामागचं स्टिकर वाचा. हाय-ऑक्टेन पेट्रोलवर ट्यून केलेली गाडी साध्या पेट्रोलवर जोरात पळवली तर इंजिनात नॉकिंगचा धोका असतो. पुण्यातल्या ट्यूनरनं कोणतं पेट्रोल गृहीत धरलं होतं, हे विचाराच.

गंगाखेड रस्त्यावरून आत गावात शिरताना गतिरोधक लागतात. नृसिंह जयंतीच्या गर्दीत तर दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जातच नाही. भावाला म्हटलं, आधी कुणाची तरी अशीच गाडी मागून एकदा घरापर्यंत आणून बघ, खाली घासते का. तो हसला.

टोकन अजून दिलेलं नाही. विक्रेत्याकडे चॅसी नंबरचा फोटो मागितलाय. चार दिवसांत त्यानं अलॉय व्हीलचे अकरा फोटो पाठवले, चॅसी नंबरचा एकही नाही.