टायरात पाच पौंड हवा

दिवाळीत टेक्सासहून पुतण्याचा फोन आला. फराळाचं पार्सल पोचलं, चकल्यांचा चुरा झाला, हे सांगून झालं आणि मग हळूच म्हणाला, "काका, तुम्ही गॅरेजवाले. एक सांगा. शिकारीसाठी एटीव्ही घेऊ की साइड-बाय-साइड?"

मी जालन्याकडच्या भोकरदन-जाफराबाद भागात तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करतोय, त्यामुळे 'कोणती घेऊ' या प्रश्नाची सवय आहे. पण 'शिकारीसाठी' हा शब्द ऐकून जरा थांबलो. पंधरा दिवसांपूर्वीच रानडुकरांनी माझी काढणीला आलेली मका रात्रीतून आडवी केली होती. कणसं अर्धी खाल्लेली, अर्धी नुसती तुडवलेली. एका रांगेत तर कुणी मुद्दाम रोलर फिरवल्यासारखी ताटं झोपली होती. तिकडे पुतण्या डुकरामागं हौसेनं जाणार आणि इकडे मी बॅटरी घेऊन रात्रभर त्याच डुकरापासून मका राखणार. प्राणीही एकच बरं का. टेक्सासातली डुकरं म्हणजे स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात नेलेल्या पाळीव डुकरांची रानटी झालेली पिलावळ, त्यात पुढं शिकारीसाठी सोडलेल्या युरोपी रानडुकरांचं रक्त मिसळलं. शास्त्रातलं नाव आमच्या डुकराचंच.

आता या दोन गाड्या काय आहेत ते सांगतो. लोणावळ्याला किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर भाड्यानं फिरायला मिळते ती चार जाड चाकांची मोटारसायकल म्हणजे एटीव्ही. घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, हातात हँडल, अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्यानं दाबायचा. साइड-बाय-साइडमध्ये दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. स्टिअरिंग, पायात ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर, डोक्यावर पाइपांचा पिंजरा, कमरेला पट्टा आणि मागं छोटा हौद. छोट्या जीपला छोटा टेम्पो जोडावा तसं दिसतं. रुंदीला एटीव्ही साधारण चार फूट, दुसरी पाच फुटांच्या आसपास.

पुतण्याला मी पुस्तकातलं उत्तर दिलं नाही, कारण एटीव्हीची फी मी भरलेली आहे. तीन वर्षांपूर्वी एक सुट्टीचं ठिकाण बंद पडलं, तिथली एक जुनी एटीव्ही स्वस्तात मिळाली म्हणून पिकअपमध्ये टाकून आणली. घरापासून शेत अडीच किलोमीटर, मधे पाणंद. पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या बांधवाल्यांनी दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकत सरकत बारीक केलेला रस्ता. पावसाळ्यात तिथं मोटारसायकल चालत नाही. मला वाटलं, रात्रीच्या जागलीला हे वाहन झकास.

पहिल्याच दिवशी पंक्चरवाल्या पोरानं सवयीनं चारी टायरांत तीस पौंड हवा भरली. मीही बघितलं नाही. घरी येईपर्यंत दर खड्ड्याला गाडी चेंडूसारखी उडत होती आणि माझे दात वाजत होते. टायरच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं नंतर चष्मा लावून वाचलं. एटीव्हीच्या टायरात हवा पाच ते सात पौंडच ठेवायची असते. टायर मऊ राहिला की जमिनीवर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूत, चिखलात रुतण्याऐवजी वरून चालते. सगळी करामत त्या पाच पौंडांत आहे.

हे वाळूत खरं. आमच्या काळ्या मातीत अर्धं खरं. जुलैतल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर शंभर पावलांत चिखल मडगार्डात भरून बसला. चाक फिरेना, इंजिन ओरडतंय, आणि पट्टा जळाल्याचा वास. यातल्या बहुतेक गाड्यांत ट्रॅक्टरसारखा गिअरबॉक्स नसतो. स्कूटरसारखा रबरी पट्टा असतो, तो घसरला की तापतो, तापला की तुटतो. काठीनं चिखल खरवडत बसलो होतो तेव्हा शेजारचे अण्णा बैलगाडी घेऊन गेले. बोलले काही नाहीत, पण बैल मात्र त्यांनी मुद्दाम सावकाश हाकले असं माझं मत आहे.

खरा धडा बांधावर मिळाला. बांध तिरका चढायला गेलो आणि सोफ्यावर बसावं तसा निवांत बसलो होतो. एटीव्ही माणसाच्या वजनावर सावरते, हे मला ठाऊक नव्हतं. चढावर पुढं वाकायचं, आडव्या उतारावर अंग वरच्या बाजूला टाकायचं, वळताना आतल्या बाजूला झुकायचं. त्यात माझ्या गाडीचा मागचा आस एकसंध. दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार, त्यामुळे अंग झुकवल्याशिवाय ती वळायलाच मागत नाही, सरळ रेटते. आपला जुना गाडीवान चढाला जूवर सरकतो आणि उतरणीला मागं होतो, तेच शहाणपण. ते माझ्याकडे होतं, पण बैलगाडीपुरतं. गाडी कलंडली, मी तुरीच्या खुंटांत पडलो आणि डाव्या पायावर हँडल. सहा आठवडे प्लास्टर.

साइड-बाय-साइड कलंडतच नाही असं नाही. फरक एवढाच की तिच्यात पिंजरा आणि पट्टा आहे. पट्टा बांधून आत राहिलात तर पिंजरा वाचवतो. पण कलंडताना माणूस नकळत हात किंवा पाय बाहेर टेकवायला जातो आणि तोच पिंजऱ्याखाली सापडतो. म्हणून पुतण्याला पहिला प्रश्न हाच विचारला, "बरोबर कोण असणार?" म्हणाला, सासरे येतील, कधी थोरला पोरगा. मग तिथंच उत्तर झालं. ज्याला अंग झुकवता येत नाही त्याला एटीव्हीच्या मागं बसवू नये. बहुतेक एटीव्ही एकट्यासाठीच बनवलेल्या असतात.

दुसरं, ओझं. मोठं डुक्कर ऐंशी-शंभर किलोचं. एटीव्हीच्या मागच्या कॅरिअरला साधारण ऐंशी किलोच झेपतात, आणि तेवढं टाकलं की पुढची चाकं हलकी होऊन हँडल ऐकेनासं होतं. साइड-बाय-साइडचा हौद दोनशे किलोच्या पुढं घेतो. तिसरं, नेणं-आणणं. एटीव्ही पिकअपच्या हौदात बसते, दुसरीला ट्रेलर लागतो. आणि अमेरिकेच्या सरकारी जंगलांत बऱ्याच पायवाटा पन्नास इंचांपर्यंतच्या वाहनांनाच मोकळ्या असतात. एकट्यानं झाडीत खोल शिरायचं असेल तर एटीव्हीच. पण पुतण्या कुणाच्या तरी कुरणावर दोस्तांबरोबर भाड्यानं जाणार होता. त्याला पायवाटेशी काय करायचंय?

आवाजाचं विचारलं तर म्हणाला, गाडी लांब लावून पुढं पायीच जातात. हे मला पटलं. जनावर अनोळखी गाडीला भितं, रोजच्या गाडीला नाही, हे आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. कोल्हापूरच्या संस्थानात चित्ते पाळून काळवीट मारत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपरं बांधून त्याला गाडीवरून नेत. या शिकारीला साधी बैलगाडी चाले, कारण काळविटांना शेतातली गाडी रोजची, त्यांना तिची धास्ती नसे. कळपाजवळ गेलं की टोपरं काढायचं. आजही आमच्या हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप चरत असला तर ट्रॅक्टर जवळून गेला तरी मान वर करून बघतात, पुन्हा खाली घालतात. तोच माणूस ट्रॅक्टरवरून उतरला की कळप पसार.

आता आपल्याकडचं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात 'आपणही घ्यावी अशी गाडी, डुकरामागं' असं आलं असेल, तर इथं जरा थांबा. टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं, रानटी डुक्कर मारायला २०१९ पासून परवानासुद्धा लागत नाही. हेलिकॉप्टरमधून मारायची मुभा तर २०११ चीच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली 'शिकार' नुसती गोळी घालण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, पाठलाग करणं, हाका घालून हुसकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्या शब्दात बसतं. गंमत म्हणजे परवाने मिळत होते त्या काळातही वाहनातून शिकार करायला याच कायद्यात मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्यांचं ते प्रकरणच गेलं. रानडुक्कर आणि रोही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर पारधीची परवानगी मिळू शकते, तिची वाट वन खात्यातून जाते. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा आणि पोच घ्यावी. गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होऊन सरकारजमा होतं, हेही त्याच कायद्यात आहे. बांधावर उभं राहून हुर्र करणं वेगळं आणि हेडलाइट लावून कळपाला दमवणं वेगळं. ही रेघ कोर्टात ओढायची वेळ आपल्यावर येऊ देऊ नये.

मग जालन्याच्या शेतकऱ्यानं काय घ्यावं? पोलॅरिस कंपनीनं काही वर्षांपूर्वी त्यांची ५६७ सीसीची एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून पास करून भारतात आणली. किंमत तेव्हा आठ लाखांच्या घरात, आणि पेट्रोलवर. एरवी एटीव्हीला आपल्या रस्त्यावर पासिंग मिळत नाही. अंबड-घनसावंगीकडच्या मोठ्या मोसंबीवाल्यानं हौस म्हणून घेतली तर माझं काही म्हणणं नाही, अठरा-वीस फुटांच्या ओळीतून ती आरामात फिरते. पण तेवढ्या पैशात मिनी ट्रॅक्टर येतो, वर फवारणीचा ब्लोअर आणि ट्रॉली. तो वर्षातून दोनशे दिवस कामाला येईल. अरुंद ओळींसाठी स्वराजचा ११ अश्वशक्तीचा 'कोड' तर तीन फुटांहूनही अरुंद आहे.

आणि डुकरांसाठी झटका मशीन. त्या नुकसानीनंतर उरलेल्या मकेला दोन तारा लावल्या, पहिली वीतभर उंचीवर, दुसरी गुडघ्याखाली. डुक्कर नाक पुढं करून चालतं, तार नाकालाच लागते. झटका क्षणाचा, सेकंदाला एखादा, त्यानं मरत कुणी नाही. तारेला गवत टेकलं की जोर उतरतो, म्हणून दर आठवड्याला खालून गवत काढावं लागतं. या कामाला मात्र माणसानं जावं लागतं, गाडी कोणतीही असो. रोह्याला या दोन तारांचं काही वाटत नाही, तो वरून उडी मारून येतो. त्याच्यासाठी अजून तरी माझ्याकडे उत्तर नाही. आणि लाइनची वीज थेट तारेत सोडायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्या तारेला डुकराआधी पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो.

पुतण्यानं साइड-बाय-साइड घेतली. फोटो पाठवला, त्यात सासरे पट्टा बांधून बसले आहेत.

माझी एटीव्ही गॅरेजमागं ताडपत्रीखाली उभी आहे. पट्टा नवा टाकलाय, हँडल सरळ केलंय. कुणाला वाळूवर चालवायला हवी असेल तर येऊन बघून जावी. रस्त्यावर पासिंग होणार नाही, हे आधीच सांगतो. आणि हवा पाच पौंड.